रिफर्बिश्ड की नवे? कोणता पार्ट जुना चालतो आणि कोणता नाही

कोरी_पाटी

डेस्कटॉप जुळवायचा आहे. कामं: रॉ फोटोंचं एडिटिंग, थोडं प्रोग्रॅमिंग, अधूनमधून दोन-तीन व्हर्च्युअल मशीन. शिवाय फोटो आणि बॅकअप ठेवायला चोवीस तास चालणारा एक छोटा सर्व्हर. सगळं नवं घेतलं तर बजेटबाहेर जातंय. सगळं रिफर्बिश्ड घेतलं तर आरामात बसतंय, पण मग शांत झोप लागायची नाही.

मनातली यादी अशी: तेराव्या पिढीचा आय-सेव्हन (वापरलेला), ३२ जीबी डीडीआर४ रॅम (सर्व्हरमधून काढलेली, फार स्वस्त मिळतेय), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (रिफर्बिश्ड), ग्राफिक्स कार्ड (वापरलेलं, बहुधा क्रिप्टो मायनिंगचं), सर्व्हरसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क (रिसर्टिफाइड), ७५० वॅटचा पीएसयू, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा (जुना, पण चांगल्या कंपनीचा). मदरबोर्ड अजून ठरलेला नाही.

यातलं काय ठेवू, काय काढू? आणि विक्रेते 'ग्रेड ए', 'ग्रेड बी' म्हणतात ते नक्की कशावरून?

खटपट्या

ग्रेड फक्त दिसण्याची. ए म्हणजे ओरखडे नाहीत, बी म्हणजे थोडे आहेत, सी म्हणजे कोपरा चेपलाय. आतली एसएसडी किती लिहिली गेलीय याचा त्या अक्षराशी काडीचा संबंध नाही. प्रत्येक विक्रेत्याची ग्रेड वेगळी, तिला कुठलंही सर्वमान्य माप नाही.

शब्दांचा गोंधळही आधीच मिटवा. 'ओपन बॉक्स' म्हणजे कुणीतरी उघडून परत केलेला माल, बहुतेकदा नव्यासारखाच. 'मॅन्युफॅक्चरर रिफर्बिश्ड' किंवा 'रिसर्टिफाइड' म्हणजे कंपनीने स्वतः तपासून परत विकलेला, वॉरंटी कंपनीची, पण नव्यापेक्षा बरीच कमी. 'सेलर रिफर्बिश्ड' म्हणजे दुकानदाराने फुंकर मारून धूळ उडवली, इथपासून खरोखर कपॅसिटर बदलला, इथपर्यंत काहीही. 'पुल्ड' म्हणजे चालू मशीनमधून काढलेला पार्ट. 'यूज्ड' म्हणजे जसा आहे तसा.

तेव्हा लेबल सोडा आणि प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारा. हा झिजतो कशाने? परतीची मुदत संपायच्या आत मला ती झीज मोजता येते का? आणि उद्या हा मेला तर जाताना सोबत काय घेऊन जाईल? प्रोसेसर मेला तर एकटा मरतो. पीएसयू मरताना बोर्ड आणि डिस्कही नेऊ शकतो. डिस्क मेली तर फोटो जातात.

या हिशेबाने तुमच्या यादीतला पीएसयू आधी काढा. बाकीच्यांवर जाणकार बोलतीलच.

सोल्डरगन

पीएसयूबद्दल खटपट्यांना अनुमोदन, फक्त कारण सांगतो म्हणजे मोह होणार नाही.

आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापराने आणि उष्णतेने सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे १०५ अंशांना २००० तासांचं रेटिंग असलेला साधा कपॅसिटर ६५ अंशांवर चालला, तर चार वेळा दुप्पट, साधारण ३२,००० तास. चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये ही साडेतीन वर्षं आणि वर थोडं. चांगल्या कंपन्या जास्त तासांचे कपॅसिटर वापरतात, पण हातात आलेल्या जुन्या डब्याने किती तास कुठल्या तापमानात काढलेत हे सांगणारं आत काहीच नसतं. हार्ड डिस्कला निदान तास मोजायचा काउंटर असतो. पीएसयूला तोही नाही.

मल्टिमीटर लावून बघाल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये दिसेल आणि वाटेल की सगळं उत्तम. बिघाड असतो रिपलमध्ये, म्हणजे त्या डीसीवर बसलेल्या बारीक लहरींमध्ये. तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो आणि मशीनवर खरा लोड लागतो. घरी मोजता येत नाही, मरताना शेजाऱ्यांना नेतो, आणि नव्या-जुन्यातला फरक पूर्ण मशीनच्या मानाने लहान. तिन्ही प्रश्नांत नापास.

उघडून कपॅसिटर बदलू म्हणणाऱ्यांसाठी: प्रायमरीचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या पुढे भरलेला राहू शकतो. ज्याला तो डिस्चार्ज कसा करायचा हे माहीत नाही त्याने झाकण उघडू नये.

बूटलूप

रॅम थांबवा! 'सर्व्हरमधून काढलेली, फार स्वस्त' याचा अर्थ नव्वद टक्के वेळा रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडीआयएमएम. साध्या डेस्कटॉप बोर्डवर ती चालत नाही. डीडीआर४ मध्ये फसगत अशी की खाच त्याच जागी असल्याने काडी व्यवस्थित बसते, क्लिप लागते, आणि मग स्क्रीन काळीच राहते. (डीडीआर५ मध्ये दोघींची खाच वेगळ्या जागी आहे, तिथे बसतच नाही.)

ओळखायचं लेबलवरून. 'पीसी४-२४००टी' असं काहीतरी छापलेलं असतं, त्यापुढे आर असेल तर रजिस्टर्ड, एल असेल तर लोड रिड्यूस्ड, दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत. यू असेल तर साधी अनबफर्ड, ई असेल तर ईसीसीवाली, म्हणजे चुका दुरुस्त करणारी अनबफर्ड. विक्रेत्याकडून लेबलचा स्पष्ट फोटो मागा. डिस्क्रिप्शनवर विश्वास नको, तिथे 'डेस्कटॉप/सर्व्हर' असं दोन्ही लिहिलेलं असतं.

योग्य प्रकारची असेल तर मात्र वापरलेली रॅम हा सगळ्यांत कमी जोखमीचा सौदा. तिच्यात झिजण्यासारखं काही नाही. आली की मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून पूर्ण चार फेऱ्या करा, रात्रभर लावून झोपा. एक जरी लाल ओळ आली तरी परत. 'एकच एरर आहे, चालेल' असं रॅममध्ये नसतं, तो एक बिट फोटोच्या फाइलमध्ये जाऊन बसतो आणि तीच खराब फाइल बॅकअपमध्येही जाते.

चाचणी आधी साध्या वेगावर करा, मग एक्सएमपी (रॅमचा जाहीर केलेला जास्तीचा वेग) चालू करून पुन्हा. एक्सएमपीवरच चुका येत असतील तर दोष काडीचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा. काडी दुसऱ्या मशीनमध्ये लावल्याशिवाय निकाल लागत नाही. आणि १६-१६ च्या दोन काड्या एकाच किटमधल्या घ्या. वेगवेगळ्या ठिकाणून आणलेल्या दोन काड्यांचा संसार कधी जमतो, कधी नाही.

२०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव जसे चढलेत, ते बघता वापरलेलीकडे वळणं समजू शकतो. फक्त त्यामुळेच खोट्या लेबलवाल्या काड्याही फिरायला लागतात. सीपीयू-झेडमध्ये एसपीडी टॅब उघडून लेबलशी ताडून बघा.

नीलमोहर

प्रोसेसरबद्दल एरवी म्हटलं असतं की बिनधास्त घ्या, पण तुम्ही नेमकी ती पिढी निवडलीत.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये (बेस पॉवर ६५ वॅट आणि वरचे) व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त मागितलं जाऊन चिप हळूहळू खराब होण्याची समस्या होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'एक्स१२९' आणि सप्टेंबरमध्ये 'एक्स१२बी' हे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचे बदल) आले, बायोस, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमच्या अपडेटमधून मिळतात. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. वापरलेला आय-सेव्हन जुन्या बायोसवर वर्षभर पूर्ण व्होल्टेज खात चालला असेल तर तुम्हाला कळणार कसं?

इंटेलने बॉक्समधून विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली, पण ट्रेमधून ब्रँडेड मशीनमध्ये गेलेल्या चिपची जबाबदारी त्या मशीनच्या कंपनीवर. वापरलेल्या चिपसोबत बिल नसेल तर हे सगळं कागदावरच.

खराब चिपची लक्षणं ठरावीक आहेत: मोठी झिप फाइल उलगडताना सीआरसीची (फाइल शाबूत आहे का या तपासणीची) चूक, ग्राफिक्स ड्रायव्हरचं इन्स्टॉलेशन मध्येच पडणं, गेमचे शेडर कंपाइल होताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश येणं आणि प्रत्यक्षात मेमरी मोकळी असणं. सेव्हन-झिपचा बेंचमार्क अर्धा-पाऊण तास चालवा, एकही चूक येता कामा नये.

पण एवढं करण्यापेक्षा बारावी पिढी घ्या. ती यात नाही. तिचाही सॉकेट तोच, आणि तुमच्या कामाला बारावा आय-फाइव्हसुद्धा पुरून उरेल.

खटपट्या

बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत. वापरलेल्या प्रोसेसरमध्ये आणखी दोन ठिकाणी बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझनला पिना चिपच्या पोटाला असतात, १३३१. फोटो तिरका घेतलेला असेल तर समजायचं काहीतरी लपवलंय. सरळ वरून, चांगल्या उजेडात, चारही कोपरे मागायचे. इंटेल आणि एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे हाच फोटो बोर्डाचा मागायचा.

दुसरं, काही ब्रँडेड वर्कस्टेशनमधून काढलेले रायझन प्रो, थ्रेडरिपर प्रो आणि एपिक त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात. एएमडीची प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट ही सोय त्या कंपनीने वापरली असेल तर चिपमधले फ्यूज पहिल्यांदा सुरू होतानाच जळतात. मग ती चिप दुसऱ्या बोर्डवर सुरूच होत नाही, आणि हे उलटवता येत नाही. संशयास्पद स्वस्त 'प्रो' चिप दिसली की कारण बहुधा हेच.

काकदृष्टी

आता डिस्ककडे येऊ, कारण खरी फसवणूक इथे होते.

हार्ड डिस्क आली की स्मार्टसीटीएलने किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोने स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या आरोग्यनोंदीचे आकडे काढा. क्रमांक ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाट बघणारे सेक्टर) आणि १९८ (न सुधारता येणारे) या तिन्हींचा मूळ आकडा शून्य हवा. रिसर्टिफाइड डिस्कवर शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर परत करा, 'अजून थ्रेशोल्डच्या आत आहे' हे ऐकू नका. १९९ वाढत असेल तर तो डिस्कचा नव्हे, केबलचा दोष, केबल बदलून बघा. हीलियम भरलेल्या काही डिस्कमध्ये क्रमांक २२ असतो, तिथे १०० दिसायला हवेत.

क्रमांक ९ म्हणजे चालू तास. याच्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका, हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क स्मार्ट शून्यावर आणून नव्या म्हणून बाजारात विकल्या जात असल्याचं उघड झालं. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदवहीमुळे. सीगेटच्या डिस्कमध्ये ही नोंद वेगळी राहते, आणि तेव्हा ती पुसायची राहून गेली होती. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून स्मार्टसीटीएलला 'एल फार्म' हा पर्याय दिला की ती वाचता येते. स्मार्टमध्ये १२ तास आणि फार्ममध्ये २५,००० दिसले तर ही डिस्क कुठल्या तरी सर्व्हरमध्ये तीन वर्षं राबलेली आहे. दोन्ही आकडे जुळले म्हणजे प्रामाणिक, मग ती २५,००० तासांची का असेना.

प्रामाणिकपणे सांगितलेल्या २०-२५ हजार तासांच्या एंटरप्राइझ डिस्कला मी नाही म्हणणार नाही. सुरुवातीला मरायच्या त्या एव्हाना मेलेल्या असतात. पण दोन अटी: मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा राहील अशा लावायच्या, आणि मिररला बॅकअप समजायचं नाही.

चाचणी: लिनक्सचा बॅडब्लॉक्स प्रोग्रॅम, लिहिण्याच्या पर्यायासह. चार नमुने लिहितो आणि चार वेळा वाचतो, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. ४ टीबीला सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरली तर एक फेरी साडेसात तासांच्या आसपास, सगळं मिळून अडीच दिवस. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून डेटा टाकायच्या आधीच करा. संपलं की स्मार्टची लांब चाचणी आणि मग पुन्हा ५, १९७, १९८. चाचणीआधी शून्य आणि नंतर ८ असेल तर निकाल लागला. परतीची मुदत सात दिवसांची असेल तर डिस्क आली त्याच संध्याकाळी सुरू करा, दोन्ही एकदम.

४ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, नाहीतर मोजदाद ओलांडून बॅडब्लॉक्स सुरूच होत नाही.

धूळखात

मिरर वगैरे ठीक, पण दोन्ही डिस्क एकाच विक्रेत्याकडून, एकाच खेपेतल्या, सारख्याच तासांच्या? एक गेली की दुसरीवर पुनर्बांधणीचा ताण पडणार, आणि तीही त्याच वयाची. माझं मत: एक नवी, एक रिसर्टिफाइड. निदान दोन वेगवेगळ्या खेपांतल्या तरी.

काकदृष्टी

मान्य. एक नवी आणि एक जुनी हे दोन जुन्यांपेक्षा केव्हाही बरं.

कोरी_पाटी

माहितीबद्दल खूप आभार. रॅमचं लेबल मागवलं, पुढे 'आर'च निघाला. रद्द.

डिस्कबद्दल एक वाचलं की काही रिसर्टिफाइड डिस्क साध्या पीएसयूवर फिरतच नाहीत. म्हणजे मेलेली डिस्क पाठवतात की काय?

काकदृष्टी

मेलेली नसते. सॅटाच्या पॉवर प्लगची तिसरी पिन. जुन्या पद्धतीत तिथे ३.३ व्होल्ट येतात. सॅटा ३.३ मध्ये त्याच पिनेला 'पॉवर डिसेबल' हे काम दिलं, म्हणजे तिथे व्होल्टेज असेपर्यंत डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये दूरवरून डिस्क रीसेट करायला ही सोय. घरच्या पीएसयूने तिथे ३.३ दिले की डिस्क आज्ञाधारकपणे गप्प बसते.

उपाय: डिस्कच्या बाजूच्या तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी. साधी सेलोटेप नको, गरम झाली की गोंद सरकतो. मोलेक्स ते सॅटा अॅडॉप्टरनेही काम होतं, कारण मोलेक्सला ३.३ ची तारच नाही. पण तो क्रिंप केलेला हवा. प्लॅस्टिक ओतून बनवलेल्या मोल्डेड प्लगमध्ये तारा आत एकमेकींना टेकून पेट घेतात.

आणि जाहिरातीत 'एसएएस' (सर्व्हरच्या डिस्कची वेगळी जोडणी) लिहिलंय का बघा. एसएएस डिस्क सॅटाच्या पोर्टात बसत नाही, वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं. त्यातल्या काही ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात, त्या एसजी_फॉरमॅटने ५१२ वर आणाव्या लागतात. त्यात कित्येक तास जातात, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

बूटलूप

एसएसडीवर कुणीच बोललं नाही. थोडक्यात: फोटोंच्या मशीनची मुख्य एसएसडी नवी घ्या.

जुनी घ्यायचीच तर एनव्हीएमईच्या आरोग्यनोंदीत 'पर्सेंटेज यूज्ड' बघा. हा आकडा १०० च्या पुढेही जातो, तेव्हा १३० दिसले तर दचकू नका, फक्त घेऊ नका. 'अव्हेलेबल स्पेअर' १०० हवं, 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य. 'डेटा युनिट्स रिटन'मधलं एक युनिट ५,१२,००० बाइटचं, म्हणजे साधारण साडेएकोणीस लाख युनिट म्हणजे १ टीबी लिहिलं गेलं. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला ६०० टीबी लिहिण्याची हमी असते, त्याच्याशी ताडून बघा. 'अनसेफ शटडाउन' शेकड्यांत असतील तर ती कुठल्या मशीनमध्ये होती याचा अंदाज येतो.

नाव-गाव नसलेली 'रिफर्बिश्ड' एसएसडी मात्र फुकट दिली तरी नको. त्यात भंगार चिपांवरून काढलेली फ्लॅश असू शकते, किंवा १ टीबी सांगून आत १२० जीबी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री, पूर्ण भरून पूर्ण वाचायची. अर्धी भरून 'ठीक आहे' म्हटलं तर बनावट कधीच सापडत नाही.

एक अवांतर: एसएसडी कपाटात ठेवून बॅकअप करू नका. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे ग्राहकी एसएसडीने लिहिण्याची मर्यादा संपल्यावर वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष डेटा धरला तरी ती पास. एंटरप्राइझ एसएसडीला तर ४० अंशांना तीनच महिने. स्वस्तात आलेली झिजलेली एंटरप्राइझ एसएसडी 'संग्रहासाठी' ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तिसरा_डोळा

ग्राफिक्स कार्ड. 'मायनिंगचं' म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला ते पूर्ण पटत नाही. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगमधून बाहेर पडलं, तेव्हाची कार्डं अजून फिरतायत. मायनिंगमध्ये कोर बहुतेकदा कमी व्होल्टेजवर, एकसारख्या तापमानात चालतो. गेमिंगमध्ये तो तापतो-निवतो, तापतो-निवतो आणि सोल्डरवर ताण येतो. मायनिंगमध्ये झिजतात ते पंखे, मेमरी आणि थर्मल पॅड.

तेव्हा मोजायचं काय? जीपीयू-झेडमध्ये आधी ओळख पटवा. जुन्या चिपवर खोटं बायोस टाकून नवं कार्ड म्हणून विकतात, जीपीयू-झेड बऱ्याच वेळा नावापुढे 'फेक' दाखवतं. शेडरची (कार्डातल्या गणना करणाऱ्या घटकांची) संख्या मोजा: आरएक्स ५८० ला २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ती '२०४८एसपी' नावाची आवृत्ती, जी प्रत्यक्षात ५७० च्या जातीची. बस इंटरफेसमध्ये लोडखाली एक्स१६ दिसतंय का बघा. एक्स८ किंवा एक्स४ वर अडकलं असेल तर स्लॉटच्या सोनेरी पट्ट्या तपासा, पण आधी कार्डच मुळात एक्स८ चं नाही ना ही खात्री करा, काही आरएक्स आणि आरटीएक्स मॉडेल तशीच असतात.

मग अर्धा तास लोड द्या आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे बघा: कोर, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यांत तापलेली जागा), मेमरी. कोर आणि हॉटस्पॉटमधलं अंतर १५-२० अंश असेल तर ठीक. ३० च्या वर गेलं तर पेस्ट सुकलीय किंवा बाहेर सरकलीय. जीडीडीआर६एक्सची मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. तिथपर्यंत पोचत असेल तर पॅड संपलेत.

पॅड बदलायला बसाल तर जाडी त्या मॉडेलचीच हवी. १ मिलिमीटरच्या जागी दीडचा टाकला की मेमरीला छान टेकतो, पण हीटसिंक कोरवरून उचलला जातो, आणि मेमरी गार, कोर शंभरावर असा विनोद होतो. एकाच कार्डवर दोन-तीन वेगळ्या जाड्या असतात. काढताना जुने पॅड जागेनुसार मांडून ठेवा, मोजा, मगच नवे मागवा.

मोठ्या, जड कार्डात अजून एक जागा: पीसीआयईच्या पट्टीच्या टोकाला, जिथे स्लॉटची खिट्टी अडकते त्या कोपऱ्यात बोर्डला केसासारखी भेग असते. आडवं, आधाराशिवाय लटकलेलं कार्ड कुरिअरने मशीनसकट पाठवलं की हे होतं. बाजूने उजेड टाकून बघायचं. भेग दिसली तर आज चालतंय म्हणून घेऊ नका.

सोल्डरगन

कार्डाच्या मागच्या चार स्क्रूंची डोकी बघा. खरवडलेली असतील तर कुणीतरी आधी उघडलंय. ते वाईटच असं नाही, पण 'कधीच उघडलेलं नाही' असं सांगणाऱ्याकडे ती खरवडलेली असतील तर सौदा सोडा.

नीलमोहर

मदरबोर्ड मात्र शक्यतो नवा. वापरलेल्या बोर्डात चाळीस गोष्टी आहेत आणि चाळीस तपासायला आठवडा जातो: प्रत्येक यूएसबी, दोन्ही एम.२, चारही रॅमचे स्लॉट, ऑडिओ, नेटवर्क. स्लॉट क्रमांक दोन मेलेला असेल तर ते तुम्हाला वर्षभराने रॅम वाढवताना कळतं. शिवाय मागची आय/ओ पट्टी हरवलेली असते.

खटपट्या

आता त्या चोवीस तासवाल्या सर्व्हरबद्दल. पार्ट पार्ट जमवण्यापेक्षा ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड छोटा डेस्कटॉप घ्या. रिफर्बिश्ड बाजारातली सगळ्यांत प्रामाणिक वस्तू तीच, कारण कंपन्या लीज संपली म्हणून चालती मशीन काढतात. ३.५ इंची डिस्क लावायच्या असतील तर अगदी मिनी नको, त्यात जागा नसते.

आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीची खोकी ढिगाने विकायला आलीत. लिनक्स टाकणार असाल तर तीही चालतील, फक्त किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर नको, कितीही स्वस्त असो. छोट्या खोक्यापेक्षा नुसता बसून ८० वॅट जास्त खाल्ले तरी वर्षाला ७०० युनिट होतात. शिवाय आवाज.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. या ब्रँडेड डेस्कटॉपांत पीएसयूचा प्लग बऱ्याचदा नेहमीचा २४ पिनी नसतो, कंपनीचा स्वतःचा असतो. पीएसयू गेला तर त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. आणि आली की लगेच बायोसमध्ये जाऊन बघा, पासवर्ड तर नाही ना, आणि 'अॅब्सोल्यूट' हा दूरवरून मशीन शोधण्याचा आणि लॉक करण्याचा पर्याय चालू तर नाही ना.

तिसरा_डोळा

+१, आणि विंडोज असेल तर अजून एक: पूर्ण रीसेट करून, नेट जोडून पहिला सेटअप करा. आधीच्या कंपनीने ऑटोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून यंत्राची नोंद काढली नसेल तर सेटअपमध्ये त्या कंपनीचं लॉगिन पान उगवतं. विक्रेत्याने नेट न जोडता विंडोज टाकून दिलेलं असेल तर हे लपून राहतं आणि पुढच्या रीसेटला अडकतं. ती नोंद फक्त ती कंपनी काढू शकते, तुम्ही किंवा विक्रेता नाही. त्यामुळे हे परतीच्या मुदतीतच.

बायोसची बॅटरीही बदलून टाका, सीआर२०३२. घड्याळ मागे पडत असेल किंवा बायोसची सेटिंग्ज विसरत असेल तर बिघाड बहुतेक वेळा एवढाच असतो.

कोरी_पाटी

ठरलेली यादी: बारावा आय-फाइव्ह वापरलेला, मदरबोर्ड नवा, रॅम अनबफर्ड वापरलेली, एकाच किटमधली. एसएसडी नवी. पीएसयू नवा. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं, चाचणी करूनच. सर्व्हरला आठव्या पिढीचा ऑफिसवाला डेस्कटॉप, एक डिस्क नवी, एक रिसर्टिफाइड.

शेवटचा प्रश्न. कॅबिनेट जुनंच वापरतोय, त्यात जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलवाल्या) पीएसयूच्या सॅटा केबल मागून ओवून बांधलेल्या आहेत. नवा पीएसयू त्याच कंपनीचा आहे आणि प्लग बसतोय. त्याच ठेवल्या तर चालतील ना?

सोल्डरगन

नाही! प्लग बसणं हाच सापळा आहे. डिस्कच्या बाजूचं टोक प्रमाणित आहे, पीएसयूच्या बाजूचं नाही. कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५ हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलतं. चुकीच्या केबलने ५ च्या लाइनवर १२ गेले तर एसएसडी आणि डिस्क स्विच दाबल्याक्षणी जातात, दोन्ही एकदम. मिररही वाचवत नाही, कारण दोघी त्याच केबलवर असतात.

नव्या पीएसयूसोबत आलेल्या केबलच वापरा. बांधणी सोडायचा कंटाळा असेल तर निदान मोजा. काहीही न जोडता, फक्त ती केबल पीएसयूला लावून, २४ पिनी प्लगची हिरवी तार (सगळ्या तारा काळ्या असतील तर १६ क्रमांकाची पिन) ग्राउंडच्या (रंगीत तारांत काळ्या) तारेशी जोडून पीएसयू चालू करा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब त्याच ग्राउंडच्या तारेला. सॅटाच्या १५ पिनी प्लगमध्ये ७-८-९ वर ५ यायला हवेत, १३-१४-१५ वर १२, आणि ४-५-६ व १०-११-१२ वर शून्य. मोजायला सुरुवात कुठल्या टोकाने करायची याचा घोळ होतो: एल आकाराच्या खाचेचा दांडा जिथे वळतो ते १५ कडचं टोक की १ कडचं, हे डोळ्यांनी ठरवू नका, आधी पीएसयूसोबत आलेल्या केबलवर मोजून कागदावर लिहा, मग जुनीवर त्याच जागी मोजा.

एक जरी आकडा वेगळा आला तर ती केबल दोन्ही प्लगांपाशी कापून टाका. नुसती खोक्यात टाकली तर पुढच्या वेळी तुम्हीच ती पुन्हा उचलाल.